आबांचं गाणं कुठल्या स्टेशनला?

काय दोस्तांनो, तुमच्या घरात रेडिओ आहे का? हात वर करा बघू! मोबाईलमध्ये आहे म्हणणाऱ्यांनी वेगळा हात वर करा. आणि "आजोबांच्या कपाटावर आहे, पण सेल नाहीत" म्हणणाऱ्यांनी दोन्ही हात वर करा, कारण आजचा लेख खास त्यांच्यासाठी आहे.

त्याचं असं झालं. आमच्या शाळेत शनिवारी दप्तर आणायचं नसतं. परिपाठ आणि कवायत झाली की मुलं माझ्याकडे बघत बसतात, "बाई, आज काय?" म्हणून. गेल्या महिन्यात एका शनिवारी मी घरचा जुना ट्रान्झिस्टर पिशवीत घालून नेला. तीन बँडचा, काटा फिरवायचा, मागचं झाकण रबरबँडने बांधलेला. टेबलावर ठेवला तर चौथीच्या मुलींनी आधी विचारलं, "बाई, ह्याला स्क्रीन कुठाय?"

काटा फिरवत गेले. खरखर, शिट्टी, कुठेतरी लांब कानडी बातम्या, पुन्हा खरखर. मग एका जागी शेतीच्या गप्पा सापडल्या. गप्पा संपल्या, पुढचा कार्यक्रम सुरू व्हायला थोडा वेळ होता आणि ती मधली जागा भरायला निवेदिकेने धनगरी ओवी लावली. ढोलाचा ठेका पडला आणि शेवटच्या बस्करावरचा एक मुलगा ताठ बसला. हा मुलगा वर्गात फारसा बोलत नाही. दिवाळीनंतर घरचे मेंढरं घेऊन बाहेर पडतात, तेव्हा हा कधी आजोबांजवळ गावात राहतो, तर कधी कळपाबरोबर जातो. त्यामुळे त्याची हजेरी म्हणजे आमचं पावसासारखं असतं. तो हळूच म्हणाला,

"बाई, आमच्या आज्यानं बी रेडिओत ओव्या म्हटल्यात."

झालं! सगळा वर्ग हसला. एकाने तर विचारलं, "रेडिओत मावला का रं तुझा आज्या?" मुलगा लालबुंद झाला. डोळ्यांत पाणी आलं, पण हटला नाही. म्हणाला, "खोटं न्हाई. तुमच्या मोबाईलमधी समदं घावतंय ना बाई? मग आज्याचं गाणं शोधून दावा ह्यांस्नी."

आता आली का पंचाईत! पोरानं मला सगळ्यांसमोर शब्दात पकडलं होतं. कारण "मोबाईलमध्ये सगळं सापडतं" हे वाक्य मीच आदल्या आठवड्यात फळ्यासमोर उभं राहून म्हटलं होतं.

तर हा लेख म्हणजे त्या शोधाची हकिगत. तुम्हीही तुमच्या भागातलं गाणं शोधायला निघालात तर उपयोगी पडेल म्हणून, मला वाटेत काय काय कळलं ते सगळं सांगते.

आधी आपला साधा रेडिओ घेऊ. त्यावर साधारण दोन पट्टे असतात. एक 'एम. डब्ल्यू.' म्हणजे मध्यमलहरी आणि दुसरा एफ. एम. मध्यमलहरींवर आकडे असतात ५३० पासून १६०० पर्यंत, आणि एफ. एम. वर ८८ ते १०८. मी लहान असताना आजोळी सांगली केंद्र लागायचं. निवेदक आधी मीटर सांगायचे आणि मग किलोहर्ट्झ. मला वाटायचं, स्टेशन तेवढे मीटर लांब आहे! आता कळतं की तो लहरीची लांबी सांगायचा. तीन लाखाला किलोहर्ट्झच्या आकड्यानं भागलं की मीटर मिळतात. मुंबईच्या अस्मिता वाहिनीचा आकडा ५५८. भागून बघा. ५३७ पूर्णांक ६ दशांश येतात की नाही?

आणखी एक गंमत. पुणे ७९२, मुंबई अस्मिता ५५८, नागपूर ५८५, सांगली १२५१. वर्षानुवर्षं ही केंद्रं ह्याच आकड्यांनी ओळखली गेली. आता प्रत्येक आकड्यातल्या अंकांची बेरीज करा. सात अधिक नऊ अधिक दोन, अठरा. पाच पाच आठ, अठरा. पाच आठ पाच, अठरा. एक दोन पाच एक, नऊ! म्हणजे काय? सगळे नवाच्या पाढ्यातले! हा योगायोग नाही बरं का. आपल्याकडे, आशियाच्या इतर भागांत, युरोपात आणि आफ्रिकेत मध्यमलहरींची केंद्रं एकमेकांत मिसळू नयेत म्हणून ९-९ किलोहर्ट्झच्या अंतरावर बसवली आहेत, सुरुवात ५३१ पासून. अमेरिकेत हे अंतर १० चं आहे, म्हणून तिथे ही युक्ती चालत नाही. माझ्या वर्गाला नवाची कसोटी मी तीनदा शिकवली होती, पण पक्की झाली ती त्या दिवशी, रेडिओमुळे.

हल्ली काही ठिकाणचे मध्यमलहरींचे प्रक्षेपक बंद झालेत आणि एफ. एम. आलं आहे. तेव्हा तुमच्या जवळच्या केंद्राचा आज चालू असलेला आकडा घरातल्या मोठ्यांना विचारा, नाहीतर काटा फिरवून स्वतः शोधा. स्वतः शोधण्यात जास्त मजा आहे.

मध्यमलहरींसाठी वरची काडी, म्हणजे एरियल, लांब करून काही फायदा नसतो. ती एफ. एम. साठी. मध्यमलहरींचं एरियल रेडिओच्या पोटात असतं, काळ्या पेन्सिलीसारखा एक दांडा आणि त्याला तारेचं वेटोळं. त्यामुळे आवाज नीट येत नसेल तर अख्खा रेडिओच हळूहळू फिरवायचा. एका दिशेला आवाज खणखणीत होतो आणि त्याच्या काटकोनात बारीक. आणि मोबाईलचा चार्जर आणि एल. ई. डी. दिवे जवळ असतील तर बंद करा. निम्मी खरखर तेच करतात. आमच्या शाळेत दिवे बंद केले तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या, इतका फरक पडला.

रात्री आणखी एक जादू होते. दिवसा जमिनीपासून साधारण ६० ते ९० किलोमीटर उंचीवर, सूर्याच्या किरणांमुळे तयार झालेला एक थर ह्या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो. मग लहरी आणखी वर जातात आणि तिथल्या थरावर आपटून पुन्हा खाली येतात, शेकडो किलोमीटर लांब. म्हणून दिवसा जे केंद्र मुळीच लागत नाही, ते रात्री नऊ वाजता उशाशी येऊन गाऊ लागतं. कर्नाटक, गुजरात, तेलंगण, सगळे पाहुणे येतात. भाषा नाही कळली तरी ढोल कळतो.

आता मुख्य प्रश्न. लोकसंगीत कुठे आणि कधी लागतं?

सरळ मार्ग म्हणजे आकाशवाणीचं जवळचं केंद्र. 'लोकसंगीत' किंवा 'लोकगीते' अशा नावाचा कार्यक्रम बऱ्याच केंद्रांवर असतो. पण मला स्वतःला जास्त गाणी सापडली ती आडवाटेला! शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात मध्येच एखादं मोटेवरचं गाणं येतं. महिलांच्या कार्यक्रमात जात्यावरची ओवी येते. दोन कार्यक्रमांच्या मधल्या तीन-चार मिनिटांत, आमच्यासारखी, अचानक धनगरी ओवी येते. ती कुठल्याच यादीत छापलेली नसते. म्हणून रेडिओशेजारी एक वही ठेवा. वार, वेळ, आकडा, काय लागलं, कुठली वाद्यं होती. महिनाभर लिहिलंत की तुमची स्वतःची यादी तयार होते, आणि ती छापील यादीपेक्षा चांगली असते असा माझा अनुभव आहे. शिवाय सकाळी सभा सुरू होताना निवेदक दिवसभरातले ठळक कार्यक्रम सांगतात, तेवढे पहिले दोन मिनिट चुकवू नका.

दुसरं म्हणजे पंचांग! हसू नका. लोकगाणं सणाला बांधलेलं असतं, आणि रेडिओवालेही सण बघूनच ते काढतात. नवरात्रात गोंधळ लागणार, म्हणजे संबळ आणि तुणतुणं. चंपाषष्ठीच्या आसपास खंडोबाचं जागरण, तिथे वाघ्यामुरळीची दिमडी. आषाढात वारीचे अभंग, भारुडं. श्रावणात नागपंचमी आणि मंगळागौरीची गाणी. आश्विनात भोंडला, विदर्भात भुलाबाई. कोकणातलं केंद्र लागत असेल तर शिमग्याचे दिवस सोडू नका. गोव्याचं पणजी केंद्र लागलं तर घुमटाचा आवाज ओळखायचा प्रयत्न करा. मातीच्या मडक्यासारखं वाद्य, एका तोंडाला कातडं. पूर्वी ते घोरपडीचं असायचं, पण घोरपड आता संरक्षित प्राणी आहे, म्हणून बकऱ्याचं कातडं वापरतात.

शहरात राहणारे वाचक म्हणतील, "आमच्याकडे एफ. एम. वर डझनभर स्टेशनं आहेत, तिथे नाही का?" ऐकून बघा. खासगी वाहिन्यांवर मला तरी सिनेमाची गाणी आणि जाहिराती ह्यांच्यापलीकडे क्वचितच काही सापडलं. लावणीच्या नावाखाली जे लागतं तेही बहुतेक सिनेमातलंच.

पण एफ. एम. वरच एक वेगळी जात आहे, सामुदायिक रेडिओ. हा कंपनीचा नसतो आणि सरकारचाही नसतो, तो गावाचा असतो. आपल्या देशात २००२ साली आधी शिक्षणसंस्थांना अशा केंद्रांची परवानगी मिळाली आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही. पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' १०७.४ वर आहे. आमच्या माणदेशात म्हसवडला 'माणदेशी तरंग वाहिनी' ९०.४ वर, २००८ साली सुरू झालेली. त्याच वर्षी तिकडे तेलंगणातल्या जहीराबादजवळ 'संघम रेडिओ' सुरू झाला. तो चालवतात दलित शेतकरी बायका. स्वतः बोलतात, स्वतः ध्वनिमुद्रण करतात आणि पेरणीची, लग्नाची गाणी स्वतःच गातात. असा रेडिओ ऐकला की कळतं, निवेदक होण्यासाठी गोड, घोटीव आवाज लागतोच असं नाही!

ह्या केंद्रांची ताकद किती ठाऊक आहे? परवानगी १०० वॅटची. म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बांपैकी एका मोठ्या बल्बाइतकी. आकाशवाणीचा एखादा मोठा मध्यमलहरींचा प्रक्षेपक १०० किलोवॅटचा असतो, हजारपट. त्यामुळे सामुदायिक रेडिओ पंधराएक किलोमीटरच्या पलीकडे सहसा ऐकू जात नाही. मध्ये डोंगर आला तर संपलंच. आमच्या गावातही शाळेच्या पायरीवर लागतो आणि वर्गात लागत नाही. म्हणून आमचा निम्मा वर्ग पायरीवर भरतो!

आता मोबाईल. घरच्यांना विचारून, बरं का. त्यांचा फोन, त्यांचा डेटा.

आकाशवाणीचं 'न्यूज ऑन एअर' नावाचं ॲप आहे. त्यात देशभरातली दोनशेहून अधिक केंद्रं थेट ऐकता येतात. राज्य निवडायचं, केंद्र निवडायचं, झालं. राजस्थानातलं बाडमेर किंवा जैसलमेर लावा आणि मांगणियार गवयांचा कमायचा हे तंतुवाद्य कधी वाजतं ते टिपा. पंजाबातलं जालंधर लावा. आसाममधलं दिब्रुगड एप्रिलच्या मध्यावर, बिहूच्या दिवसांत लावा. पुन्हा पंचांगच, फक्त त्यांचं!

आणि 'रेडिओ गार्डन' नावाची एक झकास गोष्ट आहे. २०१६ साली नेदरलँड्समधून सुरू झाली. पृथ्वीचा गोल समोर येतो, त्यावर हिरवे ठिपके. बोटाने गोल फिरवायचा आणि ठिपक्यावर थांबायचं, की त्या गावचं स्टेशन सुरू. माझ्या वर्गाने पहिल्यांदा गोल भर समुद्रात थांबवला आणि "बाई, बंद पडलं!" म्हणून ओरडले. भूगोलाचा एक तास त्यातच गेला. मी मुलांना आयर्लंडच्या पश्चिम टोकाला नेलं. तिथे 'रेडिओ ना गेलताख्ता' हे आयरिश भाषेतलं केंद्र १९७२ पासून आहे. तिकडे इंग्रजीपुढे मूळ भाषा मागे पडत चालली होती, म्हणून तिच्यासाठी हे केंद्र निघालं. त्यावर 'शान-नोस' नावाची जुन्या धाटणीची गाणी लागतात. वाद्य नाही, ठेका नाही, एकटा माणूस गातो. पाचवीतली एक मुलगी ऐकून म्हणाली, "बाई, आमची आजी दळताना असंच म्हणायची." मला सांगा, आता ह्यावर मी काय बोलणार?

दोन हिशेब लक्षात ठेवा. पहिला वेळेचा. आयर्लंडचं घड्याळ हिवाळ्यात आपल्यामागे साडेपाच तास असतं आणि उन्हाळ्यात साडेचार. त्यांचा संध्याकाळी सातचा कार्यक्रम डिसेंबरात आपल्याकडे कधी? रात्री साडेबारा. म्हणजे तुमच्यासाठी नाही, झोपा! दुसरा हिशेब डेटाचा. ६४ किलोबिटचं प्रसारण असेल तर एका सेकंदाला ८ किलोबाइट. तासाचे ३६०० सेकंद. गुणाकार केलात तर २८,८००, म्हणजे साधारण २९ एम. बी. एवढ्यात एक तास गाणी. व्हिडिओ बघण्यापेक्षा खूपच स्वस्त. आणि एक प्रयोग करा. तेच केंद्र रेडिओवर आणि मोबाईलवर एकदम लावा. मोबाईल मागे पडतो, काही सेकंद, कधी अर्धा मिनिटसुद्धा. ते गाणं तुकडे होऊन, सर्व्हरवर जाऊन, पुन्हा जुळून तुमच्याकडे येतं. रेडिओची लहर मात्र थेट येते, तीन लाख किलोमीटर सेकंदाला.

एवढं सगळं सापडलं, पण आबांचं गाणं?

तेच तर. त्या मुलाच्या आजोबांना गावात सगळे आबा म्हणतात. मी एका रविवारी त्यांच्या घरी गेले. आबा अंगणात लोकर पिंजत बसले होते. त्यांनी जे सांगितलं ते असं. २००२ साली ते आणि गावातली सहा माणसं ढोल आणि झांजा घेऊन एस. टी. ने रेडिओ केंद्रावर गेली होती. गाद्या लावलेल्या भिंतींची खोली, काचेपलीकडे साहेब. साहेबांनी सांगितलं, दहा मिनिटं. आबा म्हणाले, "धा मिन्टात आमच्या बिरोबाचा जल्म बी हुत न्हाई, बाई! आमची वही रातभर चालती." त्यांच्या तोंडी ओवी म्हणजे 'वही'. एकजण कथा उचलतो, बाकीचे सूर लांबवतात, मध्येच साध्या बोलीत गोष्ट सांगायची, पुन्हा गाणं. तरी त्यांनी मन मारून नमन आणि थोडी कथा म्हटली.

आणि ती लागली कधी? त्या हिवाळ्यात. आबा तेव्हा मेंढरं घेऊन कोकणात. तिथे ना रेडिओ, ना निरोप. गावात शेजाऱ्याच्या ओट्यावर माणसं जमली, आबांच्या बायकोने ऐकलं, पोराबाळांनी ऐकलं. आबांनी स्वतः ऐकलंच नाही! कारभारीण नंतर म्हणायची, "लई बेस आलतं." आता ती नाही. सात जणांपैकीही तिघेच राहिलेत.

मी घरी येऊन बसले शोधायला. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इंटरनेटवरचा रेडिओ म्हणजे गाण्यांचं कोठार नाही. तो वाहता पाट आहे. ह्या क्षणी जे पाण्यातून चाललंय तेवढंच हाताला लागतं. २००२ मध्ये वाहून गेलेलं पाणी आज ॲपमध्ये कसं येणार? जुनं गाणं हवं तर कुणीतरी ते जपून ठेवलेलं असायला हवं. आणि त्या काळच्या फिती महाग होत्या. जगभरच्या रेडिओ केंद्रांत जुन्या फितींवर नवं ध्वनिमुद्रण करायची पद्धत होती. आबांचं गाणं कुठे असेल किंवा नसेल, मला नाही सापडलं. मी ते वर्गात तसंच सांगितलं. तो मुलगा काही बोलला नाही. हसणारंही कुणी हसलं नाही.

काहींनी मात्र जपून ठेवलं आहे, तेही सांगते. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवाँ ह्यांनी सहकाऱ्यांना घेऊन गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजारांहून अधिक गावं, एक लाखांहून अधिक ओव्या! त्यातल्या पुष्कळ ओव्यांचं ध्वनिमुद्रणही झालं, आणि २०१७ पासून 'परी' ह्या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या ऐकायला मिळतात, गाणाऱ्या बाईच्या आणि गावाच्या नावासकट. हा रेडिओ नाही, पण वाहून गेलेलं पाणी भरून ठेवलेला रांजण आहे. आणि धनगरांच्या कथांसाठी गुंथर सोंथायमर नावाचे एक जर्मन अभ्यासक मेंढरांच्या मागे मागे महाराष्ट्रात फिरले होते. ते १९९२ साली गेले. त्यांची गोष्ट पुन्हा कधीतरी, ती वेगळ्या लेखाची आहे.

तर पुढच्या शनिवारी आम्ही सगळे, एकोणीस मुलं आणि मी, आबांच्या अंगणात गेलो. मोबाईल एका पाटीवर उताणा ठेवला, वाऱ्याची फडफड नको म्हणून त्यावर आबांचाच जुना फेटा धरला. कोंबडी हाकलायची जबाबदारी दोघांवर. आबा आधी तयारच नव्हते. "जत्रा न्हाई, ढोल न्हाई, आसं उगंच म्हणत न्हाईत." मग नातवाने घरातून पत्र्याचा डबा आणला आणि त्यावर ठेका धरला. काय सांगू, पोराच्या बोटात ढोलच होता! आबांनी त्याच्याकडे जरा वेळ बघितलं, कानावर हात ठेवला आणि नमन सुरू केलं.

आवाज थकलाय. वर जाताना फाटतो. मध्ये दोनदा खोकला आला, एकदा कथा विसरले, तेव्हा शेजारच्या घरातून कुणीतरी ओरडून पुढचं सांगितलं. ते सगळं त्या ध्वनिमुद्रणात आहे. पंचेचाळीस मिनिटं झाली आणि फोनची जागा भरली. बिरोबाचा जन्म झाला नव्हताच!

मग मी ते लावून आबांना ऐकवलं. मान खाली घालून त्यांनी थोडा वेळ ऐकलं, आणि म्हणाले,

"ह्यो म्या न्हवं. ह्यो कुणीतरी म्हातारा हाय."

सगळी मुलं खो खो हसली. आबाही हसले. पण जरा वेळाने त्यांनी नातवाला जवळ बोलावलं आणि विचारलं, "डब्बा तू वाजीवलास न्हवं? फुडच्या खेपंला मधी मधी थांबू नगंस."

परवा मुलांनी सामुदायिक रेडिओला पत्र टाकलंय. मजकूर त्यांचाच, मी फक्त दोन वेलांट्या सुधारल्या. "आमच्या गावात एक आबा आहेत, ते रात्रभर गातात, तुमच्याकडे किती वेळ आहे?" असं सरळ विचारलं आहे. उत्तर आलं की तुम्हाला कळवीनच. पत्राखाली पहिली सही कुणाची आहे, ते सांगायला नकोच.

आता ह्या आठवड्याचं कोडं. सांगोल्याहून एका दोस्ताने लिहिलंय की रात्री त्याला मध्यमलहरींवर काटा ११४० वर असताना एक स्टेशन लागलं. मला त्याचं म्हणणं थोडं चुकीचं वाटतं. का? आणि ते स्टेशन खरं म्हणजे कुठल्या दोन आकड्यांपैकी एकावर असेल? पोस्टकार्डावर लिहून पाठवा, आणि त्याच कार्डावर तुमच्या भागात रेडिओवर कुठलं लोकगाणं लागलं, कधी आणि किती वाजता, तेही लिहा. गेल्या खेपेला पुष्कळांनी पत्ता लिहायचा विसरून कार्डं टाकली होती. तो नक्की लिहा!

– तुमच्या बाई